मध्यम किमतीतील फुल सस्पेन्शन माउंटन बाईक : निवडीचा एक आढावा

पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांना धक्के शोषणारी यंत्रणा असलेल्या माउंटन बाईकला सायकलस्वारांच्या बोलण्यात ‘फुल सस्पेन्शन’ म्हणतात, आणि फक्त पुढे सस्पेन्शन असून मागचा भाग ताठ असलेल्या सायकलीला ‘हार्डटेल’. दोहोंमधला फरक एका जास्तीच्या शॉकपुरता नाही. मागचे चाक हलते करायचे म्हटले की फ्रेमचे दोन किंवा अधिक भाग करावे लागतात, ते सांध्यांनी जोडावे लागतात, सांध्यांत बेअरिंग बसवावी लागतात, आणि चेनचा ताण व ब्रेकची ओढ यांचा परिणाम चाकाच्या हालचालीवर होत असल्याने त्या सांध्यांच्या जागा गणिताने ठरवाव्या लागतात. हार्डटेलमध्ये जो वेल्डिंग केलेला साधा त्रिकोण असतो तो येथे एक यंत्र होऊन बसतो. या यंत्राचा खर्च कुठून तरी भरून काढावा लागतो. त्यामुळे एकाच किमतीच्या दोन सायकली समोर ठेवल्या तर फुल सस्पेन्शन सायकलीचे गीअर, ब्रेक, चाके आणि पुढच्या चाकाला धरणारा फोर्क हे हार्डटेलच्या मानाने एक-दोन पायऱ्या खालचे निघतात, आणि मध्यम अंदाजपत्रकातील निवडीचा सारा पेच याच वस्तुस्थितीतून निर्माण होतो.

या आढाव्यात मध्यम अंदाजपत्रक म्हणजे भारतीय बाजारात साधारण सव्वा ते अडीच लाख रुपये असे धरले आहे. तेवढ्या पैशात नवी मोटरसायकल येते, हा आक्षेप प्रत्येक घरात घेतला जातो आणि तो रास्तही आहे. परंतु मोटरसायकली देशातल्याच कारखान्यांत लाखोंच्या संख्येने तयार होतात, तर या वर्गातल्या सायकली थोड्या संख्येने बाहेरून येतात. लुधियानाभोवती एकवटलेला आपला सायकल उद्योग प्रचंड असला तरी त्याचा भर साध्या सायकलींवर आहे. पूर्ण सायकलीवरील मूळ आयात शुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्क्यांवर गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आल्याने थोडा दिलासा मिळाला, पण आयातीचा भार त्याने नाहीसा झाला नाही. परदेशी परीक्षणांत ‘स्वस्त आणि उत्तम’ ठरलेली सायकल पुण्या-मुंबईच्या दुकानात स्वस्त राहिलेली नसते, किंवा मुळात मिळतच नसते, याचे कारण हे आहे.

माउंटन बाईकचा इतिहास फार जुना नाही. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत १९७६ पासून ‘रिपॅक’ नावाच्या उतारावरील शर्यती होऊ लागल्या, तेव्हा त्यांत जाड टायरच्या जुन्या सायकली धावत होत्या. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये त्या कामासाठी खास फ्रेम बांधली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजंपर’ सर्वसाधारण ग्राहकासाठी बाजारात आली. सस्पेन्शन त्यानंतरचे. पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा हवा आणि तेलावर चालणारा आरएस-१ हा फोर्क १९८९ च्या सुमारास आला. मागच्या सस्पेन्शनच्या बाबतीत मूळचे ऑस्ट्रियन मोटरसायकलपटू हॉर्स्ट लाइटनर यांची रचना सर्वांत प्रभावी ठरली: मागचा सांधा चाकाच्या आसाच्या किंचित पुढे आणि खाली ठेवणारी ही चार दांड्यांची जोडणी ‘हॉर्स्ट लिंक’ म्हणून ओळखली जाते. तिचे पेटंट १९९८ मध्ये स्पेशलाइज्डने विकत घेतले, त्यामुळे अमेरिकेत ती वापरायची तर इतरांना परवाना घ्यावा लागे. २०१३ मध्ये ते पेटंट संपले आणि ही रचना सर्वांना खुली झाली. आज मध्यम किमतीत जी चांगली फ्रेम मिळते तिच्या मागे अशा मुदत संपलेल्या पेटंटांचा वाटा आहे, ही बाब जाहिरातींत कुठे येत नाही.

सस्पेन्शन हा शब्द एक असला तरी त्याची कामे दोन आहेत आणि ती दोन वेगळे भाग करतात. चाक दगडावर आदळले की दबून धक्का साठवून घेण्याचे काम स्प्रिंगचे. ती स्प्रिंग धातूची वळी असेल किंवा बंद नळीतील दाबलेली हवा असेल. साठवलेली ही ऊर्जा स्प्रिंग जशीच्या तशी परत करू लागली तर सायकल उसळत राहील आणि टायर जमिनीवर टिकणार नाही. म्हणून ती ऊर्जा उष्णतेत बदलून टाकणारा भाग लागतो, त्याला ‘डँपर’ म्हणतात. डँपरमध्ये तेल बारीक छिद्रांतून आणि पातळ चकत्यांच्या झडपांतून ढकलले जाते, आणि दबताना किती विरोध व्हावा, परतताना किती, हे त्या छिद्रांवर व चकत्यांवर ठरते. परतीच्या वेगाच्या नियंत्रणाला ‘रिबाउंड’ आणि दबण्याच्या नियंत्रणाला ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात. पंधरा-वीस हजारांना ‘डबल शॉकर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, लहान मुलांना भुरळ घालणाऱ्या सायकलींत मागे दिसणारी रंगीत स्प्रिंग ही नुसती स्प्रिंग असते; तिच्यात डँपर नसतो किंवा असून नसल्यासारखा असतो. अशी सायकल सपाट रस्त्यावर पायाची शक्ती खाते आणि उतारावर स्वाराला उडवते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. त्या वर्गाला माउंटन बाईक म्हणण्यात अर्थ नाही आणि या आढाव्यात त्याचा पुन्हा विचार केलेला नाही.

मध्यम किमतीत धातूच्या स्प्रिंगपेक्षा हवेचा शॉक बहुधा अधिक सोयीचा. स्वाराच्या वजनाप्रमाणे पंपाने दाब कमी-जास्त करता येतो, तर धातूची स्प्रिंग वजनाप्रमाणे बदलून दुसरी विकत घ्यावी लागते. स्वार सायकलीवर बसल्यावर सस्पेन्शन आपोआप जेवढे दबते त्याला ‘सॅग’ म्हणतात, आणि मागच्या शॉकसाठी तो साधारण २५ ते ३० टक्के ठेवतात. शॉकच्या दांड्याची चाल ५० मिलिमीटर असेल तर त्यावरचे रबरी कडे स्वार बसल्यावर १५ मिलिमीटरच्या आसपास सरकले पाहिजे. हे मोजायला पट्टी आणि उच्च दाबाचा छोटा शॉक पंप पुरतो, तरीही दुकानातून निघालेल्या अनेक सायकली वर्षानुवर्षे मूळ दाबावरच चालत राहतात. शॉकला रिबाउंडची कळ नसेल तर ती सायकल यादीतून काढून टाकावी. हलक्या वजनाच्या स्वाराला कमी दाब लागतो, कमी दाबाची स्प्रिंग हळू परतते, आणि कळ नसेल तर तिचा वेग वाढवण्याचा उपाय उरत नाही. साठ किलोच्या आसपास वजन असलेल्यांना हा दोष विशेष जाणवतो.

चाक किती हलते त्या अंतराला ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. क्रॉस कंट्री प्रकारात ते १०० ते १२० मिलिमीटर असते, ट्रेल प्रकारात १२० ते १५०, एन्ड्युरोमध्ये १५० ते १८०, आणि निव्वळ उतारासाठी बनलेल्या डाउनहिल सायकलीत २०० च्या घरात. जास्त ट्रॅव्हल म्हणजे जास्त चांगली सायकल, ही समजूत विक्रेत्यांच्या फायद्याची आहे. १६० मिलिमीटरच्या स्वस्त सायकलीत तेवढ्या हालचालीला आवर घालणारा डँपर आणि तेवढा ताण सोसणारी फ्रेम परवडत नाही. १२० ते १४० मिलिमीटरच्या सायकलीत त्याच पैशात दोन्ही बऱ्यापैकी मिळतात. यासोबत पाहायचा दुसरा आकडा म्हणजे चाकाच्या ट्रॅव्हलला शॉकच्या चालीने भागून येणारे ‘लिव्हरेज’. चाक १३० मिलिमीटर आणि शॉक ५० मिलिमीटर हलत असेल तर ते सरासरी २.६ येते, म्हणजे चाकावरच्या जोराच्या २.६ पट जोर शॉकवर पडतो. शॉकची चाल ५५ असती तर हेच प्रमाण २.३६ झाले असते आणि त्याच सायकलीचा शॉक कमी दाबावर, कमी ताणात, अधिक तेल हलवत चालला असता. वजनदार स्वारांनी हा भागाकार खरेदीआधी कागदावर जरूर करून पाहावा.

मागच्या भागाच्या जोडणीबद्दल कंपन्या जितके बोलतात तितके महत्त्व तिला या किमतीत नाही, असे म्हणण्यास जागा आहे. सर्वांत साधी रचना एका सांध्याची: मागचे चाक एकाच बिंदूभोवती कमानीत फिरते. चेन ओढली जाते तेव्हा तिचा ताण मागचा भाग दबू न देण्याच्या दिशेने किती काम करतो, याला ‘अँटी-स्क्वॉट’ म्हणतात; तो पुरेसा असेल तर चढावर पेडल मारताना सायकल डुलत नाही, आणि एका सांध्याच्या रचनेतही सांधा योग्य उंचीवर ठेवला तर हे साधते. तिची उणीव ब्रेक मारताना दिसते, कारण ब्रेक लागल्यावर मागचा भाग काहीसा आखडतो. हॉर्स्ट लिंकमध्ये हा परिणाम कमी होतो, आणि ट्रेक कंपनीने सांधा थेट आसाभोवती बसवून तोच हेतू साधला आहे. याशिवाय एक मार्ग म्हणजे मागच्या नळ्याच किंचित लवतील अशा बनवून एक सांधा गाळणे. जायंटची ‘स्टान्स’ आणि मेरिडाची नवी ‘वन-ट्वेन्टी’ या सायकली याच तत्त्वावर आहेत. लवणारी नळी ऐकायला धास्तीची वाटते, पण धातूची ही लवचीकता काही अंशांपुरतीच असते आणि त्या बदल्यात एक सांधा, त्याची दोन बेअरिंग आणि त्यांची देखभाल वाचते. पावसाळ्यात चिखलातून चालणाऱ्या सायकलीसाठी ही वजाबाकी फायद्याची आहे.

खरे लक्ष द्यावे असा विषय भूमितीचा आहे, आणि त्याचे कारण शुद्ध आर्थिक आहे. पुढची नळी जमिनीशी ६९ अंशांच्या कोनात वेल्ड केली काय किंवा ६६ अंशांच्या, कारखान्याचा खर्च तोच. म्हणून महाग सायकलीचे सगळे गुण स्वस्त सायकलीत येऊ शकत नसले तरी तिची भूमिती येऊ शकते, आणि जेथे ती आलेली नाही तेथे कंपनीने जुना साचा पुढे ढकललेला असतो. हँडल ज्या नळीत फिरते तिचा कोन ६५ ते ६६.५ अंशांच्या दरम्यान असेल तर पुढचे चाक स्वारापासून पुढे जाते आणि तीव्र उतारावर तोल जाण्याची भीती कमी होते. सीटच्या नळीचा परिणामी कोन ७५ अंश किंवा अधिक असेल तर चढावर वजन मागच्या चाकाच्या मागे लोंबत नाही. पेडलच्या आसातून काढलेल्या उभ्या रेषेपासून पुढच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतच्या आडव्या अंतराला ‘रीच’ म्हणतात आणि सायकलीचे माप ठरवताना स्मॉल-मीडियम या अक्षरांपेक्षा हा आकडा विश्वासार्ह आहे, कारण एका कंपनीचे मीडियम दुसरीच्या लार्जएवढे निघू शकते. हे सर्व आकडे कंपन्यांच्या माहितीपत्रकांत छापलेले असतात. गीअरच्या नावापेक्षा ते आधी वाचावेत.

भूमितीइतकीच न बदलता येणारी दुसरी गोष्ट म्हणजे फ्रेमवरील मापे. मागचे चाक जाड, आरपार जाणाऱ्या १२ मिलिमीटर आसावर बसते की जुन्या क्विक-रिलीज खटक्यावर, हे पहिल्यांदा पाहावे. दोन भागांत विभागलेल्या मागच्या सांगाड्याला आरपार आसामुळे जी ताठरता मिळते ती खटक्यातून मिळत नाही. २०१४ च्या सुमारास आलेले १४८ मिलिमीटर रुंदीचे ‘बूस्ट’ हे माप आता सर्वत्र रुळले आहे, तेव्हा त्या मापाचे चाक पुढेही सहज मिळत राहील. पुढची नळी खाली रुंद होत जाणारी असावी, म्हणजे उद्या बरा फोर्क घालता येतो. गीअर बदलताना चेन सरकवणारे मागचे ‘डिरेलर’ ज्या लहान तुकड्यावर लटकते तो पडझडीत वाकण्यासाठीच बनवलेला असतो. स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये आणलेला सर्वसामान्य आकाराचा तुकडा फ्रेमला बसत असेल तर उत्तम, नसेल तर त्या फ्रेमचा खास तुकडा खरेदीच्या दिवशीच जादा घेऊन ठेवावा, कारण महिनाभर सायकल भिंतीला टेकून उभी राहण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. पेडलच्या आसाचे घर आट्यांचे असावे. दाबून बसवलेल्या प्रकारातून कुरकुर सुरू झाली की ती शोधण्यात मेकॅनिकचा दिवस जातो.

याउलट गीअर, टायर, हँडल, सीट ही झिजणारी आणि बदलता येणारी सामग्री आहे, आणि ग्राहकाची फसगत नेमकी तेथे होते. मागचे डिरेलर दिसायला ठळक असल्याने कंपन्या तेवढेच एक वरच्या श्रेणीचे लावतात आणि चेन, कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच), हब खालच्या श्रेणीचे देतात. शिमानो कंपनीची डिओर ही बारा गीअरची श्रेणी २०२० पासून या किमतीचा मापदंड ठरली आहे. तिच्या १० ते ५१ दात्यांच्या कॅसेटला मात्र ‘मायक्रो स्प्लाइन’ नावाचा वेगळा फ्रीहब (हबचा ज्यावर कॅसेट बसते तो भाग) लागतो, जो स्वस्त चाकांवर नसतो. २०२३ मध्ये आलेली ‘क्यूस’ श्रेणी जुन्या फ्रीहबवर बसते आणि जाड दात्यांमुळे झीज कमी होईल अशा बेताने बनलेली आहे. शर्यत न खेळणाऱ्यासाठी दहा-अकरा गीअर पुरेसे असल्याने तिचा विचार आधी करावा. ब्रेक हायड्रॉलिकच असावेत आणि डिस्क निदान पुढे तरी १८० मिलिमीटरची असावी. सर्वांत स्वस्त हायड्रॉलिक ब्रेकबरोबर येणाऱ्या डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना कोरलेली असते, म्हणजे तिच्यावर धातुमिश्रित पॅड चालत नाहीत; आणि पावसाळी चिखलात रेझिनचे पॅड खडूसारखे झिजतात. चालू सायकलीवर सीट वर-खाली करणारा ‘ड्रॉपर’ दांडा नसेल तर तो नंतर बसवता येतो, फक्त त्याची केबल फ्रेमच्या आतून जाण्याची सोय आहे का ते पाहावे. टायरच्या बाबतीत आपल्याकडचा प्रश्न दगडाचा कमी आणि बाभळीच्या काट्याचा अधिक आहे. ट्यूब काढून आत सीलंट द्रव भरण्याची ‘ट्यूबलेस’ पद्धत काट्याचे छिद्र तिथल्या तिथे बुजवते आणि २० ते २८ पीएसआय इतक्या कमी दाबावर चालू देते. चांगल्या टायरच्या जोडीसह हा बदल सायकलीच्या वागण्यात जेवढा फरक करतो तेवढा त्याच पैशातला दुसरा कोणताही करत नाही. कार्बन फ्रेमचा मोह मात्र टाळावा. या अंदाजपत्रकात कार्बन आले म्हणजे शॉक आणि ब्रेक यांच्या वाट्याचे पैसे गेले, आणि ॲल्युमिनियमच्या सायकलीचे पंधरा किलो वजन गडाच्या पायऱ्यांवर खांद्यावर घेणाऱ्याखेरीज इतरांना फारसे सतावत नाही.

एवढे झाल्यावरही मूळ प्रश्न उरतो: फुल सस्पेन्शन लागते का? सह्याद्रीच्या वाटांचे उत्तर एकसारखे नाही. मावळातले मुरमाचे रस्ते, माळरानावरच्या गाडीवाटा आणि धरणांच्या कडेचे मातीचे मार्ग हार्डटेलवर उत्तम पार पडतात, आणि तेथे मागचा शॉक म्हणजे वाहून न्यायचे ओझे. कोकणातल्या जांभ्या सड्यांवर, जेथे सच्छिद्र खडकाची खरखरीत पाठ सतत चाकाला हाणत राहते, आणि घाटमाथ्यावरून खाली जाणाऱ्या बेसाल्टच्या पायठणीच्या जुन्या वाटांवर चित्र पालटते. तिथे मागचे चाक जमिनीला धरून राहणे हा आरामाचा नव्हे तर नियंत्रणाचा प्रश्न होतो, आणि दोन-तीन तासांनंतर थकलेल्या पायांना तो फरक कळतो. आठवड्यातले चार दिवस डांबरी रस्त्यावर आणि महिन्यातून एकदा डोंगरात जाणाऱ्याने हार्डटेल घेऊन उरलेले पैसे फोर्कवर घालावेत. हा सल्ला दुकानदाराला आवडणार नाही.

देखभालीचा खर्च किमतीत धरला नाही तर सगळा हिशोब खोटा ठरतो. रॉकशॉक्सच्या सूचनेनुसार फोर्कच्या खालच्या नळ्यांचे आणि शॉकच्या हवेच्या कप्प्याचे सर्व्हिसिंग दर ५० तासांनी, तर डँपरचे २०० तासांनी करायचे असते. पहिले काम थोड्या हत्यारांत घरी जमते. दुसऱ्याला जाणकार कारागीर लागतो, आणि असे कारागीर मोठ्या शहरांबाहेर विरळ आहेत. म्हणून शॉक कोणत्या कंपनीचा आहे यापेक्षा त्याचे सील आपल्या शहरात मिळतात का, हा प्रश्न आधी विचारावा. सांध्यांच्या बेअरिंगची गोष्ट सोपी आहे. ती पूर्ण फिरत नाहीत, काही अंशांतच मागेपुढे होतात, त्यामुळे भार त्याच त्या छर्‍यांवर पडतो आणि एका पावसाळ्यात ती अडकू लागतात. परंतु ६९०२, ६८०२, ६००१ यांसारखी त्यांची मापे औद्योगिक असल्याने बेअरिंगच्या कोणत्याही घाऊक पेठेत ती मिळतात. सायकल उच्च दाबाच्या पाण्याने धुऊ नये. ते पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत शिरते.

वापरलेली सायकल घेणे हा मध्यम अंदाजपत्रकातला सर्वांत फायद्याचा आणि सर्वांत जोखमीचा मार्ग आहे. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर सील टिकणार नाही. सीट धरून सायकल हलकेच वर उचलावी: चाक जमिनीवरून सुटण्याआधी ‘खट्’ असा ढिलेपणा जाणवला तर बेअरिंग किंवा शॉकचे बुश गेलेले आहेत. हा खर्च मर्यादित असल्याने त्यावर भाव पाडून घेता येतो. सांध्यांजवळच्या आणि शॉक जिथे बसतो तिथल्या वेल्डिंगभोवती रंगाला केसासारखी रेघ दिसली तर मात्र भाव न करता परत फिरावे. मूळ पावती नसलेली सायकल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

अंदाजपत्रक सव्वा लाखाच्या खाली असेल तर चांगली हार्डटेल घ्यावी. ते त्याहून अधिक असेल तर १२० ते १४० मिलिमीटर ट्रॅव्हलची, आरपार आस आणि रिबाउंडची कळ असलेली ॲल्युमिनियमची सायकल, गीअरची श्रेणी एक पायरी खालची असली तरी, पसंत करावी. आणि तीही एकूण रकमेतले वीस-पंचवीस हजार टायर, शॉक पंप व पहिल्या सर्व्हिसिंगसाठी बाजूला काढून उरलेल्या पैशातच शोधावी.